रोगनिवारणाचे कामीं समाजशास्त्राचा उपयोग

रोगनिवारण हें केवळ वैद्यांचें काम आहे, असा पुष्कळांचा समज असतो. औषध शोधणें हें वैद्यशास्त्राचें काम खरें. परंतु आरोग्याचे नियम लोक कां पाळतात व कां मोडतात, याचा शोध समाजशास्त्रासच घ्यावा लागतो. या दुसऱ्या शोधाचें महत्त्व आम्ही एका उदाहरणानें दाखवूं इच्छितों.

इ. स. २०१३ च्या अखेरीस पश्चिम आफ्रिकेंतील गिनी देशांत इबोला नांवाच्या रोगाची सांथ सुरू झाली व पुढें ती लायबेरिया आणि सिएरा लिओन या देशांत पसरली. तींत ११,००० हून अधिक माणसें मृत्यु पावलीं. या रोगाचा संसर्ग मृताच्या देहापासूनही होतो. आणि तेथील रिवाज तर असा कीं, आप्तांनीं प्रेतास स्नान घालून निरोप द्यावा. म्हणून अधिकाऱ्यांनीं नखशिखांत झांकलेलीं पथकें पाठवून प्रेतें पिशव्यांत घालून नेण्यास आरंभ केला. मॉनरोव्हिया शहरीं तर दहनाची सक्ति झाली. वैद्यकदृष्ट्या यांत चूक नव्हती. पण लोक रोग्यांस लपवूं लागले व गुपचूप प्रेतें पुरूं लागले.

तेव्हां मानववंशशास्त्रज्ञांनीं लोकांत मिसळून त्यांचें म्हणणें ऐकलें. लोक हट्टी नव्हते. आपल्या माणसास विधीवांचून मूठमाती द्यावी लागते, हें त्यांचें दुःख होतें. या शास्त्रज्ञांच्या व ख्रिस्ती आणि मुसलमान धर्मसंस्थांच्या साह्यानें जागतिक आरोग्य संघटनेनें नोव्हेंबर २०१४ मध्यें नवे नियम प्रसिद्ध केले. प्रेतास स्पर्श करूं नये, हा मूळ नियम कायम राहिला. परंतु कुटुंबाशीं आधीं बोलणें, दुरून प्रार्थना करणें, पांढरें वस्त्र घालणें, थडग्यावर खूण ठेवणें, यांस स्थान मिळालें. संसर्गही टळला आणि मृताचा मानही राहिला.

आपल्याकडे १८९७ सालीं पुण्यास प्लेगच्या वेळीं गोऱ्या शिपायांनीं घरांत शिरून झडत्या घेतल्या. हेतु रोग हटविण्याचा होता. पण लोक रोगापेक्षां झडतीसच अधिक भ्याले व त्यांनींही रोगी लपविले. तेथें ऐकून घेणारा कोणी नव्हता.

तुमच्यापैकीं कोणी पुढें डॉक्टर होतील, कोणी अधिकारी होतील. नियम मोडणाऱ्यास दोष देण्यापूर्वीं त्याच्या ओसरीवर क्षणभर बसून "कां?" एवढें विचारावें. त्या उत्तरावांचून लिहिलेला नियम कागदावरच राहतो, आणि त्याची किंमत मात्र माणसांच्या प्राणांनीं भरावी लागते.