संपली ती प्रेक्षणीय स्थळं

वाई,
१८ नोव्हेंबर

चि. मुक्ता हिस,


काल रात्री तुझा निरोप आला, ‘मामा, वर्षभर रोज एक फोटो काढायचा ठरवला आणि एक्केचाळिसाव्या दिवशीच विषय संपले. आता?’ सोबत चाळीसही फोटो पाठवलेस. चष्मा पुसून सगळे पाहिले. शनिवारवाड्याचा दरवाजा, मंडईची इमारत, तुळशीबागेतल्या बांगड्या, झेड ब्रिजवरचा सूर्यास्त, कुठल्याशा कॅफेतली कॉफी, पुन्हा कॉफी. फोटो वाईट नाहीत. पण हे दोन दिवसांसाठी पुण्याला आलेल्या पाहुण्यानं काढावेत तसे आहेत. तीन वर्षं तू तिथं राहतेस आणि चाळीस फोटोंत तुझी स्वतःची एक वस्तू नाही. कपसुद्धा हॉटेलचा. तेव्हा संपली ती प्रेक्षणीय स्थळं. विषयांना तू अजून हात घातलेला नाहीस.

इथंही हेच चालतं. कॅमेरा गळ्यात अडकवून आलेला प्रत्येक जण आधी ढोल्या गणपतीच्या घाटावर उभा राहतो, मग मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर. ‘स्वदेस’चं चित्रीकरण तिथं झाल्यापासून तर लोक सिनेमात पाहिलेला कोनच शोधत फिरतात. चाळीस वर्षं स्टुडिओ चालवला, या दोन घाटांचे किती रोल धुतले त्याला गणती नाही. पाकिटावरचं नाव वाचल्याशिवाय कुणाची निगेटिव्ह कुणाची ते मला कळत नसे. घाटाचा दोष नाही. घाट सुंदरच आहे. पण तो सगळ्यांना एकच फोटो देतो.

मी सांगतो ते जरा विचित्र वाटेल. स्वतःभोवती कुंपण घाल. पुढचा महिनाभर खोलीच्या दारापासून शंभर पावलांच्या बाहेर फोटो काढायचा नाही. कॉलेजला जा, सिनेमाला जा, फोन खिशात राहू दे. शंभर पावलांत काय काय येतं ते तूच मोज. इस्त्रीवाल्याचं टेबल, वाण्याकडची बिलं टोचायची तार, जिन्यातल्या चपला, मोरीतली बादली, आणि नशीब असेल तर पिठाची गिरणी.

गिरणी म्हटल्यावर मला थांबवत नाही, तेव्हा ऐकून घे. तुझ्याच वयाचा असताना मला आमच्या गल्लीतल्या गिरणीचे फोटो काढायची हुक्की आली. स्टुडिओतला याशिका आणि तिकाटणं घेऊन गेलो. बारा फोटोंचा रोल, त्यामुळे हात आखडता. पहिल्या दिवशी गिरणीवाले काका केस विंचरून, बटणं लावून, जात्याच्या तोंडाशी हात ठेवून उभे राहिले. तसाच फोटो आला, मतदार ओळखपत्राला शोभेल असा. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यांना माझा कंटाळा आला आणि ते कामाला लागले. तेव्हा कुठं मला दिसायला लागलं. वाश्यांना लटकलेली कोळिष्टकं पीठ बसून सुतळीएवढी जाड झालेली. डब्यांच्या झाकणांवर खडूनं लिहिलेली आडनावं, त्यात एका देशपांड्यांचा ‘दे’ पुसला गेल्यामुळे नुसतेच ‘शपांडे’. दहाच्या सुमारास दारातून उन्हाची तिरीप यायची आणि हवेतल्या पिठामुळे ती चक्क उभी दिसायची, हातानं धरावी अशी. सहाव्या दिवशी लक्षात आलं की पैसे घेताना काका हात पुसत नाहीत आणि गल्ल्यातली सगळी नाणी पांढरी आहेत. तो नाण्यांचा फोटो माझ्या आयुष्यातल्या चार-पाच बऱ्या फोटोंपैकी आहे. पहिल्या दिवशीही नाणी पांढरीच होती, बरं का.

काकांना दहा बाय बाराची प्रिंट दिली. त्यांनी ती गिरणीतच टांगली. महिन्याभरात तिच्यावर पिठाचा थर बसला आणि गिऱ्हाइकं बोटानं पुसून फोटो बघायला लागली.

तेव्हा विषय सापडत नाही असं वाटलं की नवा शोधू नकोस, कालच्याकडेच परत जा. तीन दिवस तरी जा. आणि जाशील तेव्हा वस्तूआधी उजेड बघ. तुझ्या खोलीत ऊन कुठून आणि किती वाजता येतं, हे मला आत्ता न बघता सांगता येईल का तुला? सध्या सूर्य दक्षिणेकडे कललाय. डिसेंबरात दुपारीसुद्धा तो खालून जातो, त्यामुळे दक्षिणेची खिडकी असेल तर ऊन पार आत पलंगापर्यंत येईल. मग ते मागं सरत जाईल. मेच्या १३-१४ तारखेला पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. दुपारी साडेबाराच्या सुमारास गच्चीवर जाऊन एक बादली उपडी ठेव, तिची सावली तिच्याच खाली जाते. तो फोटो वर्षात एकदाच मिळायचा. जुलैच्या शेवटी तो योग पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ उघडं असेल याची खात्री कोण देणार! भर उन्हाळ्यात एरवी काळोखी असणाऱ्या उत्तरेच्या खिडकीतही सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन शिरतं. खिडकीतला तांब्या वर्षभर जागचा हलवला नाहीस तरी तो रोज वेगळा दिसेल.

हे मी मनचं सांगत नाही. प्रागमध्ये योसेफ सुदेक नावाचा छायाचित्रकार होता. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला. दुसऱ्या महायुद्धात शहर जर्मनांच्या ताब्यात, मोठा कॅमेरा घेऊन रस्त्यावर फिरणं अवघड. तो आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढत बसला, १९४० ते १९५४. काचेवर साचलेली वाफ, पलीकडचं वेडंवाकडं सफरचंदाचं झाड. खिडकी तीच, आणि चौदा वर्षं पुरली. तुला तर एकच वर्ष काढायचंय.

आणि अमेरिकेतला एडवर्ड वेस्टन. त्यानं १९३० साली ढोबळ्या मिरच्यांचे फोटो काढले, एकामागून एक, नंबर घालून. त्यातला तिसावा जगभर गाजला. ती मिरची त्यानं पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली होती, म्हणजे उजेड सगळीकडून परतून तिच्या अंगावर येईल. बघताना आधी माणसाची वळलेली पाठ वाटते, मग मिरची. नरसाळं तुझ्याकडे नसेल, पण स्टीलचं ताट आहे ना?

स्टीलवरून आठवलं. तू पुण्याला गेलीस तेव्हा तुझ्या आईनं तुला लाडवांचा मोठा डबा दिला होता. त्याच्या कडेला ठिपक्याठिपक्यांनी तुझ्या आजीचं नाव आणि तारीख घातलेली आहे. बाजूनं बॅटरी मारलीस तर एकेक ठिपका उठून दिसेल. त्यात आता तू चार्जरच्या वायरी ठेवतेस, असं तुझी आई म्हणत होती. वायरींसकट काढ.

माणसांचे फोटो काढताना मात्र विचारून काढ. इस्त्रीवाल्याला आधी दोन-चार दिवस नुसते कपडे दे, बोल, मग फोन बाहेर काढ. तो नको म्हणाला तर त्याच्या इस्त्रीतल्या निखाऱ्यांचा काढ. आणि फोटो देते म्हणालीस तर छापून दे, नुसता फोनवर पाठवू नकोस. आमच्या धंद्यातली ही एवढी एकच गोष्ट मला पटवून सांगता येते.

कधी ताप येईल, कधी परीक्षा असेल, फोटो भिकार येईल. येऊ दे. जेमी लिव्हिंग्स्टन नावाच्या माणसानं ३१ मार्च १९७९पासून रोज एकच पोलरॉइड काढला, अठरा वर्षांहून जास्त. त्यात कितीतरी अगदी साधे आहेत, जेवणाच्या ताटाचे, मित्रांचे, घरातल्या कोपऱ्यांचे. शेवटचा २५ ऑक्टोबर १९९७चा, तो गेला त्या दिवशीचा. त्यातला एखादा वाईट म्हणून काढून टाकला असता तर त्या दिवसाचं भोकच पडलं असतं. तू मात्र रोज पन्नास काढून एक निवडतेस असं तुझ्या बोलण्यावरून दिसतं. महिनाभर तीनच काढून बघ. डोळा आधी चालवावा लागतो, मग बोट.

हे सगळं सांगायचा अधिकार मला कितपत आहे, तेही लिहितो. आपलं ब्राह्मणशाहीतलं जुनं घर पाडलं त्याला पंचवीस वर्षं झाली. परवा तुझी आई आणि मी अर्धा तास भांडलो. तुळशीवृंदावन विहिरीच्या डाव्या हाताला होतं की उजव्या? ती म्हणते डाव्या. मी म्हणतो उजव्या. घरात फोटोग्राफर, माळ्यावर निगेटिव्हच्या दोन ट्रंका, आणि अंगणाचा एक फोटो नाही. वृंदावन आहे ते फक्त कुणाच्या तरी मुंजीच्या ग्रुप फोटोत, आणि तिथंही आडवे येऊन आमचे तात्या उभे आहेत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. रोज सकाळी आई तिथं पाणी घालायची आणि मी तिच्या बाजूनं कॅमेरा घेऊन लग्नाच्या ऑर्डरीला निघून जायचो.

उद्याचा फोटो खोलीतलाच असू दे. तो, आणि तुझ्या खिडकीचं तोंड कुठल्या दिशेला आहे, हे दोन्ही कळव. दिशा कळली की पुढचं ऊन कधी कुठं येईल ते मी कागदावर काढून पाठवतो.

तुझा,
मामा

ता. क. फोनमधले फोटो दर रविवारी दुसरीकडे उतरवून ठेव. आणि आईला सांग, वृंदावन उजव्याच हाताला होतं.