सी भाषेंत वाढणारी अक्षरमाला व हरवणारी जागा

विद्यार्थिमित्रहो, 'गेवराई' या नांवांत अक्षरें किती, असें कोणी विचारिलें तर आपण तत्काळ चार असें सांगाल. आणि तें बरोबरच आहे. परंतु हेंच नांव संगणकाच्या स्मृतींत ठेवावयाचें झाल्यास हिशेब निराळा होतो. हल्लीं सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतींत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापतें. ग, एकाराची मात्रा, व, र, काना आणि ई अशीं सहा चिन्हें, म्हणजे १८ बाइट. व सी भाषेंत अक्षरमालेच्या शेवटीं समाप्तिदर्शक शून्य ठेवावें लागतें, त्याचा एक मिळवून १९. चार अक्षरांस पांच बाइट पुरतील असें मानून जो चालतो, त्याचें नांव शेजाऱ्याच्या जागेंत घुसतें. 'स्ट्रलेन' हें फंक्शन १८ च सांगतें. शेवटचें शून्य तें मोजीत नाहीं.

सी भाषा डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत सिद्ध केली. 'मॅलॉक' करून जागा मागावी, 'फ्री' करून ती परत द्यावी, असा तिचा व्यवहार आहे. परत देण्याची आठवण ती कधींच करीत नाहीं.

आमच्या भागांत कापूस पुष्कळ, म्हणून कापसाचाच दृष्टांत घेऊं. एका शेतकऱ्यानें कापूस ठेवण्यास खोली भाड्यानें घेतली. वेचणी वाढली, खोली पुरेना, तेव्हां त्यानें मालकाकडे मोठी खोली मागितली. मालक कधीं लगतची भिंत काढून तीच खोली वाढवितो. कधीं माल दुसरीकडे हलवून नवी किल्ली देतो व जुनी खोली आपल्या ताब्यांत घेतो. आणि कधीं 'जागा नाहीं' म्हणून मोकळा होतो. नवी किल्ली येणारच या भरंवशानें शेतकऱ्यानें जुनी आधींच विहिरींत टाकली असेल, तर माल आंत, भाडें चालू, आणि दार उघडण्याची सोय नाहीं. स्मृतीची गळती म्हणतात ती हीच.

'गेवराई' चें 'गेवराई, बीड' करावयाचें आहे असें समजा. स्वल्पविराम व मोकळी जागा यांचे दोन बाइट, 'बीड' चे नऊ, आणि शून्य धरून एकूण ३० झाले. विद्यार्थी बहुधा असें लिहितात: नांव = रिअॅलॉक(नांव, ३०). जागा मिळाली तर कांहींच बिघडत नाहीं, आणि म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षें टिकते. जागा न मिळाल्यास रिअॅलॉक 'नल' परत देतें, परंतु जुनी जागा जशीच्या तशी राखतें. तें नल 'नांव' मध्यें जाऊन बसलें कीं जुना पत्ता पुसला गेला; आतां ती जागा वापरतांही येत नाहीं व सोडतांही येत नाहीं.

म्हणून उत्तर प्रथम निराळ्या पॉइंटरांत घ्यावें: नवें = रिअॅलॉक(नांव, ३०). 'नवें' नल असेल तर जुनें नांव आपल्याच हातीं आहे. त्यावर काम चालवावें किंवा तें फ्री करून थांबावें. नल नसेल तरच नांव = नवें. यश आल्यावर जुना पत्ता मात्र फ्री करूं नये. त्याची व्यवस्था रिअॅलॉकनें केलेली असते. त्या जुन्या जागेकडे दुसरा एखादा पॉइंटर बोट दाखवीत असेल, तर तोही त्या क्षणापासून निरुपयोगी झाला.

आमच्या हातून गळती झाली ती दुसऱ्या वाटेनें. तालुक्यांतील गांवांच्या यादींत उमापूर, तलवाडा इत्यादि नांवांपुढें जिल्हा जोडावयाचा होता. आम्हीं मॅलॉकनें मोठी जागा घेतली, नक्कल केली, पॉइंटर बदलला आणि जुनी जागा फ्री करावयास विसरलों! यादी उत्तम छापली गेली, कारण प्रोग्राम संपतांच संगणकाची कार्यप्रणाली सर्व जागा परत घेते. तेंच फंक्शन पुढें अहोरात्र चालणाऱ्या प्रोग्रामांत घातलें, तेव्हां तो दिवसेंदिवस मंदावूं लागला. एका वेळीं १९ बाइट म्हणजे कांहींच नव्हे. पण लाख वेळां गेले कीं १९ लाख होतात. शेवटीं 'वॅलग्रिंड' या साधनानें, कोणती जागा कोणत्या ओळींत घेतली व परत दिली नाहीं, तें दाखविलें. आमची ओळ पहिलीच होती.

आणखी एक. एकेक बाइट वाढवीत जाणें खर्चाचें आहे, कारण दर वेळीं सर्व मजकूर हलवावा लागण्याचा संभव असतो. जागा दुप्पट करीत जावें. १६ पासून १०२४ पर्यंत सहाच वेळां मागणी होते.

पालकांस हें सारें रुक्ष वाटेल. पण मुलांस पुढील हिशेब विचारून पाहावा. 'मादळमोही' चें 'मादळमोही, बीड' करण्यास शून्यासह किती बाइट लागतील? उत्तर ३६ आलें नाहीं, तर काना-मात्रा मोजावयाच्या राहिल्या असें समजावें.