आधी कोणाचं फेडायचं?

देणं अंगावर आलं की जो जास्त ओरडतो त्याचे पैसे माणूस आधी देतो. मीही तेच केलं, आणि घर जाता जाता राहिलं.

दिवेआगरात आमची वाडी आणि वाडीला लागून पर्यटकांसाठी बांधलेल्या खोल्या. खोल्यांसाठी बँकेचं कर्ज, त्याला घर गहाण. एसी-गीझरसाठी पतपेढीचं, त्याला मेहुणा आणि शेजारी जामीन. बायकोचे दागिने सोनेतारणात. तरी कमी पडले म्हणून एका गृहस्थांकडून महिना तीन टक्क्यांनी उचललेले. मे आणि दिवाळी चांगली गेली तर सगळं सुटतं, असा हिशेब. 2012 साली इथल्या सुवर्णगणेशाची चोरी झाली तेव्हा गर्दी कशी ओसरते ते गावाने पाहिलं होतं. तरीही वाईट वर्ष आम्ही हिशेबात धरलंच नाही.

2020 ला टाळेबंदीत मे कोरडा गेला आणि 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. दुपारनंतर वाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. पोफळी कमरेत मोडून एकमेकींवर पडलेल्या, खोल्यांचे पत्रे माडाच्या शेंड्यात अडकलेले. नवी पोफळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. सरकारने फळबागांची मदत हेक्टरी 18,000 वरून 50,000 केली, पण आमच्या वाड्या गुंठ्यांत मोजायच्या; म्हणजे गुंठ्याला 500 रुपये. पडलेली झाडं तोडून बाहेर काढायची मजुरीही त्यात निघाली नाही.

बँकेचे हप्ते ऑगस्टअखेर पुढे ढकलले गेले ते रिझर्व्ह बँकेने दिलेल्या सवलतीमुळे. गावात त्याला सर्रास ‘हप्ते माफ’ म्हणत. माफ काहीच नव्हतं, व्याज चालूच होतं. पतपेढी तर रिझर्व्ह बँकेखाली येतच नाही, ती सहकार खात्याखाली. तिथे ही सवलत सांगून उपयोग नव्हता.

ते तीन टक्केवाले गृहस्थ दर महिन्याला पडवीत येऊन बसत. चार माणसांत शोभा नको म्हणून हाती येईल ते त्यांना देत राहिलो. बँक पडवीत येत नाही, ती पत्र पाठवते. हप्ता 90 दिवस थकला की खातं एनपीए होतं, आणि मग येते गहाण मालमत्तेवर वसुलीसाठी सरफेसी कायद्याची 60 दिवसांची नोटीस. ती हातात पडल्यावर मी वकिलांना विचारलं, दिवाळं जाहीर करून मोकळं होता येतं का?

त्यांनी सांगितलं ते ऐकण्यासारखं आहे. 2016 चा नवा दिवाळखोरी कायदा सर्वसामान्य माणसाला अजून लागू केलेला नाही. कंपन्यांच्या जामीनदारांपुरताच तो चालतो. मुंबईबाहेर आपल्याला आहे तो 1920 चा प्रांतिक नादारी कायदा. 500 रुपये देणं असलं तरी जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो, यावरूनच त्याचं वय कळावं. अर्ज मंजूर झाला की मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते, गहाण घेणाऱ्या बँकेचा हक्क तसाच राहतो, जामीनदार सुटत नाहीत आणि सरकारी देणंही फिटत नाही. म्हणजे माझं घर जाणारच होतं, वर मेहुणाही अडकणार होता. नादारीचा विषय तिथेच संपला.

मग देण्यांचा क्रम उलटा केला. ज्याच्याकडे घर गहाण त्याचं पहिलं. नोटिशीला मुदतीत लेखी हरकत दिली आणि पोच घेतली. हरकत आल्यावर 15 दिवसांत कारणांसह उत्तर देणं बँकेवर बंधनकारक आहे, आणि त्या उत्तरातूनच बोलणी सुरू होतात. शेतजमिनीला सरफेसी कायदा लागत नाही, म्हणून वाडी वाचली. पण बिनशेती घराला तो आधार नाही.

दुसरा क्रम पतपेढीचा, कारण तिथे दुसऱ्याचं घर गुंतलेलं. सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुली दाखला निघाला की संस्था कर्जदाराला सोडून थेट जामीनदाराच्या मागे लागू शकते. दाखल्याविरुद्ध फेरतपासणी अर्ज करायचा तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते. तेव्हा दाखला निघण्याआधीच तडजोड करा.

तीन टक्केवाले शेवटी. त्यांना सावकारीचा परवाना क्रमांक विचारला तेव्हा आवाज उतरला. महिना तीन म्हणजे सालाला 36 टक्के. 2014 च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारकालाही विनातारण कर्जावर सालाला 18 पेक्षा जास्त घेता येत नाही. परवाना नसलेल्याने तारण म्हणून जमिनीचं खरेदीखत करून घेतलं असेल, तर ती परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. आमच्या किनाऱ्यावर जमिनीला भाव आला आहे, त्यामुळे हे माहीत असलेलं बरं.

शेवटी रस्त्याकडचा बिनशेती तुकडा विकून देणी भागवली. लिलावात गेला असता त्यापेक्षा भाव बरा मिळाला. पण मिळालेली सगळी रक्कम देण्यात घालू नका. बिनशेती जमीन विकून झालेला भांडवली नफा करपात्र असतो, आणि पैसे कर्जात गेले म्हणून कर कमी होत नाही. वडिलोपार्जित जमिनीसाठी 1 एप्रिल 2001 ची किंमत मूल्यांकन करून धरता येते. ते विक्रीआधी करून घ्या आणि कराची रक्कम बाजूला काढल्यावरच धनकोंकडे वळा. उत्पन्नच नाही तर रिटर्न कशाला, असं म्हणून मी वादळाच्या वर्षी विवरणपत्र भरलं नाही. वेळेत भरलं असतं तर धंद्यातला तोटा पुढची आठ वर्षं नफ्यातून वजा करता आला असता.

आता सीझन संपला की पहिली रक्कम सहा हप्त्यांइतकी शिल्लक होईपर्यंत बँकेत ठेवीला जाते, पतपेढीत नाही. बँकही बुडते; 2010 साली पेण अर्बन सहकारी बँक बुडून ठेवीदारांचे पैसे अडकले, ते जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. पण बँकेतल्या ठेवीला तेव्हा एक लाखाचं विमासंरक्षण होतं, फेब्रुवारी 2020 पासून ते पाच लाखांचं झालं. पतपेढीतल्या ठेवीला हा विमा लागू नाही. अर्धा-एक टक्का जास्त व्याज मिळतं म्हणून तिथे ठेवणार असाल, तर जेवढी बुडाली तरी चालेल तेवढीच ठेवा.