घरपट्टी का वाढते? सेमाडोहच्या दुकानदाराने बिल कसे वाचावे

घरपट्टीचे बिल हाती पडले आणि आकडा मागच्यापेक्षा मोठा दिसला की दुकानदाराचा उद्गार ठरलेला असतो, "ग्रामपंचायतीने कर वाढवला." हा उद्गार कधी पूर्ण खरा असतो, पुष्कळदा अर्धाच खरा असतो. बिलावरचा आकडा चार-पाच निरनिराळ्या संख्यांच्या गुणाकारातून तयार होतो आणि त्यातली प्रत्येक संख्या वेगळ्या ठिकाणी ठरते. एक मंत्रालयाच्या नियमात ठरते, एक नोंदणी व मुद्रांक विभागाच्या तक्त्यात, एक ग्रामपंचायतीच्या ठरावात, आणि एक तर आपण स्वतःच आपल्या हाताने ठरवलेली असते. कोणती संख्या हलली हे न पाहता सरपंचांशी वाद घातला तर वादही वाया जातो आणि अपिलाची मुदतही.

व्यापारी व कारागीर बंधूंनी हा हिशेब एकदा नीट समजून घ्यावा म्हणून आपण सेमाडोहचेच उदाहरण घेऊ. चिखलदरा तालुक्यातले, सिपना नदीच्या काठचे हे गाव परतवाडा-धारणी रस्त्यावर आहे. चोहोबाजूंनी मेळघाटचे जंगल, 1973-74 साली देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यांपैकी एक. अशा गावाचे गावठाण शहरासारखे पसरत नाही. घरे मोजकी, दुकाने त्याहून मोजकी. पण नळयोजनेचा पंप, रस्त्यावरचे दिवे, नालीसफाई हा खर्च मोठ्या गावासारखाच येतो. कर देणारे थोडे आणि खर्च ठरलेला, ही लहान ग्रामपंचायतीची कायमची अडचण आहे.

आता हिशेबाकडे येऊ. ग्रामपंचायतीला घरपट्टी लावण्याचा अधिकार 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 124 ने दिला आहे. कर कसा मोजायचा हे 1960 च्या कर व फी नियमांत आहे. 1999 नंतर काही वर्षे चौरस फुटाला इतके पैसे अशी सोपी पद्धत होती. ती न्यायालयात टिकली नाही. 31 डिसेंबर 2015 च्या सुधारित नियमांनी भांडवली मूल्यावर कर आला. तेव्हापासून फुटाचा भाव विचारून घरपट्टी सांगता येत नाही, तरी बाजारात अजून लोक तसेच विचारतात.

भांडवली मूल्य काढण्याची रीत अशी. बांधकामाचे क्षेत्रफळ गुणिले जमिनीचा वार्षिक मूल्य दर, ही पहिली रक्कम. तेच क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा सरकारी दर गुणिले घसारा, ही दुसरी. दोन्हींची बेरीज करून तिला वापराचा भारांक लावायचा. राहण्याच्या घराला भारांक 1 आहे, कारखान्याला 1.20 आणि दुकानाला 1.25. जे मूल्य निघेल त्यावर दर हजारी अमुक पैसे कर. हा हजारी दर बांधकामाच्या प्रकाराप्रमाणे बदलतो. मातीच्या घराला सर्वांत कमी, सिमेंट काँक्रीटच्या इमारतीला जास्त. नियमांनी किमान व कमाल मर्यादा घालून दिली आहे आणि त्या दोहोंच्या मध्ये कुठे थांबायचे एवढेच ग्रामपंचायत ठरावाने ठरवते. किमान दराखाली जाण्याची मुभा सरपंचांनाही नाही.

आकडे घालून पाहिले की गोष्ट उघड होते. पुढचे दर आपण हिशेबाच्या सोयीसाठी धरलेले आहेत, ते सेमाडोहचे प्रत्यक्ष दर समजू नयेत.

समजा 20 चौरस मीटरची खोली आहे. जमिनीचा दर 500 रुपये, बांधकामाचा दर 10,000 रुपये, घसारा 0.80 आणि कर हजारी 1 रुपया. जमिनीचे 10,000 आणि बांधकामाचे 1,60,000 मिळून 1,70,000 झाले. राहते घर असेल तर घरपट्टी 170 रुपये. त्याच खोलीत किराणा मांडला की भारांक 1.25, मूल्य 2,12,500 आणि घरपट्टी 212 रुपये 50 पैसे. आता समजा सरकारने जमिनीचा दर 500 वरून 600 केला, म्हणजे वीस टक्के वाढवला. दुकानाची घरपट्टी किती होईल? 215 रुपये. वाढ फक्त अडीच रुपयांची!

पण त्याच दुकानदाराने दोन चांगल्या हंगामांनंतर टिनपत्रे काढून स्लॅब टाकला तर बांधकामाचा दर 15,000 धरा, इमारत नवी म्हणून घसारा नाही, आणि काँक्रीटचा हजारी दर दीड रुपया धरा. मूल्य 3,87,500 आणि घरपट्टी 581 रुपये 25 पैसे. खोली तेवढीच, ग्रामपंचायतीने दर वाढवण्याचा एकही ठराव केलेला नाही, तरी बिल पावणेतीन पट.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जमिनीचे भाव वाढले म्हणून घरपट्टी वाढली, असे जे सर्रास बोलले जाते ते परतवाड्याच्या किंवा अमरावतीच्या बाजारपेठेत खरे असेल. जिथे जमिनीचा दर बांधकामाच्या मानाने अगदी कमी आहे तिथे जमिनीचा भाग बिलात नाममात्र असतो. तिथे बिल हलवतात त्या तीन गोष्टी म्हणजे बांधकामाचा प्रकार, बांधकामाचे वर्ष आणि वापर. या तिन्हींची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरात असते. चूक झालेली असते तीही बहुधा तिथेच.

म्हणून तक्रार करण्याआधी नमुना 8 चा उतारा मागावा. ही ग्रामपंचायतीची कर आकारणी नोंदवही. तलाठ्याकडे मिळतो तो 8-अ वेगळा, तो शेतजमिनीच्या खात्याचा असतो. नावातल्या साम्यामुळे लोक एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत हेलपाटे घालतात. नमुना 9 ही मागणी नोंदवही, तीत चालू कर आणि मागील बाकी वेगवेगळी दिसते. नमुना 10 म्हणजे पैसे भरल्याची पावती. नमुना 8 हातात आला की क्षेत्रफळ स्वतः फीत लावून मोजावे. बांधकामाचे वर्ष बरोबर लिहिले आहे का पाहावे. वीस वर्षांची इमारत दप्तरात नवी दाखवली असेल तर घसाऱ्याचा फायदा बुडतो. पुढे दुकान आणि मागे बिऱ्हाड असेल तर सगळ्या जागेला 1.25 लावले आहे की फक्त दुकानाला, हे तपासावे. मणियार, पिंजारी, शिंपी अशा घरीच काम करणाऱ्या कारागिरांनी तर हा रकाना अवश्य पाहावा. ओसरीवर एक शिलाई मशीन आहे म्हणून सगळे घर व्यापारी ठरवले असेल तर लेखी हरकत घ्यावी. उलट, मागच्या दाराने गोदाम चालवायचे आणि दप्तरात राहते घर ठेवायचे, हे कारागिरीत बसत नाही आणि पुढच्या पाहणीत निघतेच.

बिलात घरपट्टीखेरीज दिवाबत्ती कर, आरोग्य कर आणि पाणीपट्टी याही ओळी असतात. पुष्कळजण फक्त शेवटची बेरीज पाहतात. पाणीपट्टी वाढलेली असते आणि बोल घरपट्टीला लागतो.

एकदम उडी का बसते

कर आकारणीची यादी दर चार वर्षांनी नव्याने करावयाची असते. मधल्या काळात सरकारी दर वाढले तरी बिल तेच राहते, आणि चौथ्या वर्षानंतर साचलेली वाढ एकाच बिलात उतरते. राज्याचे वार्षिक मूल्य दर 2023 आणि 2024 साली बदलले नव्हते, 1 एप्रिल 2025 ला वाढवले गेले. म्हणजे फेरआकारणी कोणत्या साली झाली यावरही शेजारच्या दोन गावांचे बिल वेगळे येऊ शकते.

पण फेरआकारणी वेळच्या वेळी झालीच नाही तर काय होते, हे पाहायला वऱ्हाडातलेच अकोला पुरेसे आहे. तिथे 2001 पासून सुमारे सोळा वर्षे मालमत्ता करात सुधारणा झाली नव्हती. 2017 साली महापालिकेने नवी आकारणी केली आणि शहरात एकच गदारोळ झाला. प्रकरण न्यायालयात गेले. 2019 साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती वाढ रद्द केली, आणि डिसेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून महापालिकेची वाढ कायम केली. सोळा वर्षे कोणाही पुढाऱ्याने कर वाढवला नाही, याचे त्या काळी कौतुकच झाले असेल. त्या कौतुकाची किंमत नागरिकांनी एकरकमी मोजली. चार वर्षांनी शंभराचे सव्वाशे झाले तर दुकानदार सोसतो. सोळा वर्षांची वाढ एका वर्षी आली तर त्याचे भांडवल हलते.

शहरांच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. पूर्वी नगरपालिकेचा मोठा आधार जकात होती. 1999 साली नगरपालिकांची जकात गेली, महापालिकांत पुढे स्थानिक संस्था कर आला आणि तोही गेला, 2017 साली जीएसटी आला. आता सरकारी अनुदान सोडले तर पालिकेच्या स्वतःच्या हातात मुख्यतः मालमत्ता करच राहिला. नाक्यावर माल थांबत नाही याचा आनंद आपल्याला आहेच, पण तो पैसा कुठून तरी भरून काढावा लागतो.

ग्रामपंचायतीला केंद्राच्या वित्त आयोगाचा पैसा मिळतो. तो नियमांनी बांधलेला असतो. पंधराव्या वित्त आयोगात 2021-22 पासून साठ टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठीच राखलेली होती, आणि आयोगाच्या अनुदानातून पगार करता येत नव्हते. मेळघाट अनुसूचित क्षेत्र असल्याने पेसाचा निधीही येतो, पण तो आदिवासी विकासाच्या कामांचा. शिपाई आणि नळ सोडणाऱ्याच्या पगाराला स्वतःचे उत्पन्न लागते. त्या स्वतःच्या उत्पन्नातून 15 टक्के मागासवर्गीयांवर, 10 टक्के महिला व बालकल्याणावर आणि 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करावे लागतात. ग्रामसभेत जमाखर्च वाचला जातो तेव्हा हे आकडे मागावेत. कर का वाढला हे विचारण्याची खरी जागा ग्रामसभा आहे, आणि आपले दुकानदार नेमके त्या दिवशी परतवाड्याला माल भरायला गेलेले असतात.

हरकत आणि अपील

आकारणी चुकीची वाटली तर नोटिशीत दिलेल्या मुदतीत ग्रामपंचायतीकडे लेखी हरकत द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले कोणी लक्षात ठेवत नाही. तिथे समाधान झाले नाही तर कलम 124 खाली पंचायत समितीकडे अपील आहे. सेमाडोहकरांसाठी ती चिखलदऱ्याची पंचायत समिती. त्यापुढे जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. अर्जात "कर फार आहे" असे लिहून उपयोग नाही. "क्षेत्रफळ इतके लिहिले आहे, प्रत्यक्षात इतके आहे" असे लिहावे आणि सोबत विजेचे जुने बिल, जुनी पावती, बांधकामाचे वर्ष दाखवणारा कागद जोडावा.

रागाने बिल न भरता ठेवून देणे हा सर्वांत महाग मार्ग. आधी मागणीचे बिल, मग रिट, मग जंगम मालमत्तेची जप्ती असा वसुलीचा क्रम आहे. त्याखेरीज मागणीचे बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा ग्रामपंचायत सदस्यत्वाला अपात्र ठरतो. दोन-चारशे रुपयांच्या बाकीपायी उमेदवारी अर्ज बाद झाल्याची उदाहरणे गावोगाव आहेत. ज्या ठिकाणी कराचा ठराव होतो तिथे बसण्याचा हक्कच आपण असा गमावतो.

भाड्याच्या दुकानात बसणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. घरपट्टीच्या पावतीवर किंवा नमुना 8 मध्ये आपले नाव भोगवटादार म्हणून लागले म्हणजे जागा आपली झाली, असा समज ठेवू नये. ती नोंद कर वसूल करण्यापुरती असते, मालकीचा पुरावा नव्हे. मेळघाटात तर आदिवासींच्या जमिनीचे हस्तांतरण बिगर आदिवासींकडे करण्यावर कायद्याचे कडक बंधन आहे, तेव्हा पावत्यांच्या भरवशावर स्लॅब टाकणाऱ्याने आधी वकिलाला विचारावे. दुसरे, भाडेकरारात घरपट्टी कोणी भरायची आणि फेरआकारणीत ती वाढली तर वाढ कोणाकडे, हे एका ओळीत लिहून घ्यावे. मालकाने वाढीव बिल दाखवून भाड्यात पाचशे रुपये वाढवले तर बिलातली वाढ वर्षाची आहे आणि भाड्यातली महिन्याची, हे तिथल्या तिथे कागदावर मांडून दाखवावे.

नगरपालिका व महापालिकेच्या हद्दीत मशीद, मदरसा किंवा दर्ग्याच्या आवारातील गाळ्यांत ज्यांची दुकाने आहेत त्यांच्यासाठीही एक खुलासा आवश्यक आहे. सार्वजनिक प्रार्थनेच्या व धर्मादाय कामाच्या जागेला करातून सूट असते, पण त्याच आवारातला भाग भाड्याने दिला किंवा व्यापाराला वापरला तर तेवढ्या भागाला सूट लागू होत नाही. विश्वस्तांनी गाळ्यांची आकारणी वेगळी करून घ्यावी आणि गाळेधारकांनी ती झाली आहे की नाही हे भाडे भरण्यापूर्वी विचारावे. तसे न केल्यास पुढे बाकी निघाली की ती विश्वस्तांच्या आणि गाळेधारकांच्या भांडणात अडकून पडते आणि तिच्यावर दंड चढत जातो.