झाडाचा भाव बुंधा पाहूनच सांगावा

जुने, धोकादायक झाड उतरवण्याचे काम घेणारे आपले बरेच बांधव वरच्या फांद्या पाहून भाव सांगून मोकळे होतात. आम्हाला ही पद्धत घातक वाटते. आधी बुंधा पाहावा. मुळाशी अळंबी उगवली असेल, हातोडीने ठोकल्यावर खोड पोकळ वाजत असेल, तर चढणाऱ्याने दोर कशाच्या भरवशावर बांधायचा? गुलमोहराचे लाकूड तर मुळातच ठिसूळ. अशा झाडावर माणूस चढवू नये. क्रेनच्या पाळण्यातून कापावे आणि क्रेनचे भाडे भावातच धरावे. गिऱ्हाईक कुरकुरेल, कुरकुरू द्या.

खोड भक्कम असल्यास शेंड्याकडून तुकडे उतरवावेत. जड फांदी आधी दोराने बांधावी. पहिला काप खालून, अर्ध्याहून कमी. दुसरा वरून, किंचित शेंड्याच्या बाजूला. नुसते वरून कापले की फांदी साल ओढत खोडापर्यंत चिरते. जवळ विजेची तार असल्यास पुरवठा बंद करवून घ्यावा.

शहरात १९७५ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षे वा त्याहून जुने झाड हेरिटेज वृक्षात मोडते. परवानगी मालक आणतो, पण करवत आपल्या हातात सापडते. प्रत मिळाल्याशिवाय दोर वर टाकू नये.