स्पीकरची पिन बदलताना

कुरुळीत आमच्या खोलीवर दर रविवारी दुरुस्तीचा वर्ग भरतो. येणारी मुले खेड तालुक्याच्या पश्चिमेकडची, भीमाशंकरच्या बाजूच्या ठाकर आणि महादेव कोळी वस्त्यांवरची. आठवडाभर ती चाकणच्या कारखान्यांत कंत्राटी कामाला असतात. त्यांच्यापैकी एकाने परवा गावच्या अभ्यासिकेतले संगणकाचे स्पीकर पिशवीतून आणले. दुकानदाराने “टाकून द्या, नवे घ्या” म्हणून सांगितले होते. नव्याला पैसे कुठले? इंग्रजी ऐकण्याचा सराव महिनाभर बंद होता.

तक्रार चमत्कारिक होती. धड्यामागचे संगीत बारीक ऐकू येई, पण शिकवणाऱ्या बाईंचा आवाज गायब!

आधी स्पीकर मोबाइलला लावून पाहिले. तीच तऱ्हा, म्हणजे संगणक ठीक. मग पिनेच्या मानेशी वायर हळूच वाकवली, तशा बाई क्षणभर बोलल्या. दुखणे सापडले.

३.५ मिमीच्या पिनेवर दोन रेघा असतात, त्यांमुळे तिचे तीन भाग पडतात. टोक डाव्या आवाजाचे, मधले कडे उजव्याचे, मागचा भाग दोघांचा सामाईक, म्हणजे अर्थ. अर्थची तार तुटली, की दोन्ही बाजूंच्या आवाजातला फरक तेवढा स्पीकरपर्यंत पोचतो. बोलणे सहसा दोन्हीकडे सारखेच भरलेले असते, ते नाहीसे होते. संगीत डावी-उजवीकडे वेगवेगळे, ते उरते.

“म्हणजे वजाबाकी झाली की, दादा!” एक जण म्हणाला. अगदी तेच.

स्पीकरचा प्लग बोर्डातून काढला. खोके मुळीच उघडले नाही. आत २३० व्होल्टवर चालणारा ट्रान्सफॉर्मर असतो आणि आपले काम बाहेरच्या वायरीचे. जुनी पिन दोन इंच वायरीसकट कापली. नवी तीन भागांचीच घ्यावी. माइक असलेल्या हेडफोनची चार भागांची असते, ती इथे नको. तारांच्या रंगांवर विसंबू नये. कापलेल्या तुकड्याला मल्टिमीटर लावून कोणती तार कोणत्या भागाला जाते ते पाहिले. दोन तारांना बीप वाजली, तिसरी मुकी. तीच अर्थ.

सोल्डर करण्याआधी नव्या पिनेचे टोपण वायरीत ओवून घ्यायचे. हे विसरले तर जोडलेले सगळे पुन्हा सोडवावे लागते. माझ्याकडून हे किती वेळा झाले ते वर्गात सांगत नाही. बारीक तारांवर लाखेसारखा लेप असतो, तो पात्याने खरवडला नाही तर सोल्डर धरत नाही. स्पीकर आणणाऱ्या मुलानेच आयर्न हातात घेतले. पहिला टाका राखाडी, ढेकळासारखा बसला. तो काढून पुन्हा घातला, तेव्हा चकचकीत आला. मागची पकड वायरीच्या रबरावर दाबली, म्हणजे ओढ टाक्यांवर येत नाही.

पिनेला वीस रुपये लागले. बाई स्पष्ट बोलू लागल्या. स्पीकर शनिवारच्या एस.टी.ने गावी गेले. पिनेच्या मानेशी ताण पडू नये म्हणून वायर टेबलाच्या पायाला सैल वेढा देऊन बांधायला सांगितले आहे.