वाईहून मेणवली, वर पांडवगड, परत वाई

प्रश्न : वडील बासष्टचे आहेत, पण रोज चालतात. वाईत मुक्काम आहे. आल्या वाटेने न परतता फिरून येता येईल का?

उत्तर : येईल. पहाटे ढोल्या गणपतीच्या घाटावरून निघा आणि कृष्णेच्या वरच्या अंगाला तीनेक किलोमीटरवरचं मेणवली गाठा. तिथे घाई करू नका. नाना फडणवीसांचा वाडा, चंद्रकोरीसारखा घाट, आणि मंदिराजवळची ती पोर्तुगीज घंटा बघा. १७३९ च्या वसईच्या विजयानंतर ती इकडे आली. शंकराच्या दारातल्या या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी! ‘स्वदेस’ चित्रपटाचं चित्रीकरण इथलंच, मला मात्र घंटाच जास्त मोलाची वाटते.

मेणवलीतून पांडवगडाची वाट चढते. गड सुमारे १,२७० मीटर उंच. दमवणारा भाग हाच, आणि सावली फारशी नाही. पाणी गावातूनच भरून न्या. उतरताना धावडीची बाजू धरा, तिकडे लेणीही आहेत. धावडीहून मांढरदेवी रस्त्याने वाई.

पावसाळ्यात गड टाळा, वाट निसरडी असते. वडिलांचे गुडघे उतारावर कुरकुरत असतील, तर त्यांना मेणवलीतूनच माघारी पाठवा.